दिल्ली पाहावी कशी?

मंडळी, ‘दिल्ली दूर आहे’ ही म्हण आता म्हणण्यापुरतीच उरली आहे. संध्याकाळी गाडीत बसले की दुसऱ्या दिवशी माणूस यमुनेच्या काठी पोचतो. शाळांच्या सहली जातात, हरिद्वारचे यात्रेकरू परतताना दोन दिवस तिथे काढतात. मोटारवाला सकाळी उचलतो आणि कुतुबमिनार, लाल किल्ला, इंडिया गेट, राजघाट असा फेरा घालून दिवेलागणीला आणून सोडतो. परत आलेल्याला विचारा, ‘काय पाहिलं?’ तो म्हणतो, ‘मोठमोठ्या इमारती पाहिल्या.’ ‘कोणी बांधल्या?’ ‘बादशहांनी आणि इंग्रजांनी.’ झाली दिल्ली पाहून!

पण इमारत बांधली कोणी, एवढ्याने तिची हकीकत संपत नाही. आमचे म्हणणे असे की, दिल्लीत प्रत्येक ठिकाणी आणखी दोन प्रश्न विचारावेत. हा दगड आधी कुठे होता, आणि कोणाला उठवून तो इथे बसवला? बांधणारा गेल्यावर या वास्तूचे पुढे काय झाले? हे दोन प्रश्न बरोबर घेऊन निघालात, तर तीच दिल्ली वेगळी दिसेल. चला, एक फेरी मारून पाहू.

सुरुवात दक्षिणेला मेहरौलीपासून करावी. तिथे कुतुबमिनार आहे. त्याची उंची साडेबहात्तर मीटर. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने काम काढले, अल्तमशाने ते पुढे नेले, आणि १३६८ च्या सुमारास वीज पडून वरचा भाग ढासळला तेव्हा फिरोजशहा तुघलकाने तो पुन्हा उभारला. म्हणजे एका मनोऱ्याला निदान तीन धनी. इंग्रजी अमदानीत १८२८ साली स्मिथ नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने त्याच्या डोक्यावर आपल्या पसंतीची एक छत्री चढवली. वीस वर्षांनी ती विजोड म्हणून उतरवली गेली. आज ती खाली हिरवळीवर बसलेली आहे. मुलांना ती जरूर दाखवा. दुसऱ्याच्या कामावर आपली टोपी घालू नये, हा धडा त्यांच्या ध्यानात राहील. आणि गुरुजी, मिनारात आता वर चढू देत नाहीत, त्याचे कारणही सांगून ठेवा. १९८१ च्या डिसेंबरात आतले दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण दगावले. त्यांत कितीतरी शाळकरी मुले होती. सहलीत रांग मोडू नये, असे आपण उगीच सांगत नाही.

मिनाराशेजारच्या मशिदीचे खांब नीट पाहा. त्यांवर घंटा आहेत, साखळ्या आहेत, फुलांच्या माळा आहेत. हे खांब देवळांचे. सत्तावीस देवळांचे सामान इथे वापरले, असे मशिदीच्या पूर्व दरवाजावरचा लेखच सांगतो. ही गोष्ट झाकायची नाही, आणि ती सांगताना वर्गात कोणा मुलाकडे बोट जाईल असेही बोलायचे नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाचे कृत्य आजच्या पोराच्या अंगावर टाकणे हा इतिहास नव्हे.

त्याच अंगणात एक लोखंडी स्तंभ आहे. तोही दुसरीकडून आणलेला. सात मीटरांहून उंच, वजन सहा टनांहून अधिक, वय सोळाशे वर्षांच्या आसपास. त्यावर ‘चंद्र’ नावाच्या राजाची कीर्ती कोरली आहे. तो गुप्तवंशातला दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक विद्वान मानतात. इतके पावसाळे खाऊनही या लोखंडाला नांगराच्या फाळासारखा गंज चढलेला नाही. यात जादू नाही बरं का! त्या लोखंडात फॉस्फरसचा अंश बराच आहे. त्यामुळे वर एक पातळ थर धरतो आणि तो थर आतले लोखंड राखतो. लोखंड तापवून, ठोकून, जोडून एवढा स्तंभ ज्यांनी उभा केला त्या लोहारांची नावे मात्र कुठेच कोरलेली नाहीत. राजाचे नाव आहे, तेही अर्धवट.

मेहरौलीच्या पूर्वेला तुघलकाबादचा उजाड किल्ला लागतो. ग्यासुद्दीन तुघलकाने १३२१ मध्ये तो बांधायला घेतला. त्याच्याच मुलाने, महंमदाने, १३२७ मध्ये राजधानी आपल्या देवगिरीला नेली आणि तिचे नाव दौलताबाद झाले. काही वर्षांत दिल्लीला परतही फिरवली. दगड हलवतात तशी माणसेही हलवली गेली. सुलतानाला हुकूम सोडायला एक दिवस पुरला असेल. चालत येणाऱ्यांना किती दिवस लागले, ते देवगिरीहून दिल्लीला जाणाऱ्या आपल्या मुलांनी नकाशावर मोजावे.

आता फिरोजशहाच्या कोटल्यात या. क्रिकेटच्या मैदानाला लागूनच हे भग्न ठिकाण आहे. त्याच्या माथ्यावर अशोकाचा स्तंभ उभा आहे, तेरा मीटरांचा एकसंध दगड. मूळ तो आजच्या हरियाणातल्या टोपरा गावी होता. फिरोजशहाला तो आवडला. त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवले आहे की, स्तंभाभोवती सावरीच्या कापसाची गादी घातली, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर तो निजवला, हजारो माणसांनी दोर ओढून यमुनेपर्यंत नेला आणि मग नावांवरून दिल्लीत आणला. एवढी मेहनत झाली, पण त्यावरचा लेख वाचता येईना. पंडित बोलावले, तेही थकले. अक्षरच कोणाला ओळखीचे राहिले नव्हते.

ते अक्षर १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप या इंग्रज विद्वानाने लावले, आणि त्यात दिल्लीच्या या स्तंभाचा मोठा हात होता. वाचून पाहतात तो काय? तिथे लढाया जिंकल्याचा डंका नाही. रस्त्याच्या कडेला माणसांना आणि गुरांना सावली व्हावी म्हणून वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणल्या, उतारूंसाठी धर्मशाळा बांधल्या, असा हिशेब राजाने दिला आहे. ग्रामपंचायतीचा अहवालच म्हणा ना! दिल्लीतल्या इतक्या राजांच्या स्मारकांत शेतकऱ्याला आपले वाटावे असे स्मारक हेच. आणि नेमके तिथेच सहलीची मोटार थांबत नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीन स्टेशनावर उतरवतात. तिथून हुमायूनची कबर जवळ आहे. बादशहाच्या विधवेने, हाजी बेगमेने, ती बांधवली; १५७२ च्या सुमारास काम पुरे झाले. ताजमहालाची ही थोरली बहीण. पण पुढे काय झाले ते विचारायचे, असे आपण ठरवले आहे. १८५७ च्या सप्टेंबरात शेवटचा मोगल बादशहा बहादुरशहा जफर आपल्या पूर्वजाच्या याच कबरीत आसऱ्याला आला आणि इथेच इंग्रजांच्या हाती पडला. त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९४७ मध्ये, फाळणीत घरदार गेलेल्या हजारो निर्वासितांच्या छावण्या या बागेत आणि जवळच्या जुन्या किल्ल्यात पडल्या. बादशहासाठी बांधलेल्या भिंतींच्या आडोशाने बायकांनी चुली मांडल्या. आज सर्वत्र हिरवळ आहे. त्या चुलींची खूण कुठे नाही. म्हणून ती सांगावी लागते.

यानंतर लाल किल्ला. तो सोमवारी बंद असतो, हे सहलीचा बेत आखताना ध्यानात असू द्या. शहाजहानने १६३९ मध्ये पाया घातला, १६४८ मध्ये तो राहायला आला. इथे मराठी माणसाने जरा थांबावे, कारण इथल्या हकिकतीत आपणही आहोत.

आतल्या ‘दिवाण-ए-खास’ या संगमरवरी महालाला पूर्वी चांदीचे छत होते. मयूरासन नादिरशहाने १७३९ मध्येच नेले होते. छताची उरलेली चांदी कोणी काढली? १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी. फौज घरापासून शेकडो कोस लांब, खजिना रिकामा, शिपायांचे पगार तुंबलेले, दाणावैरण महाग. भाऊंनी छत उतरवून त्याचे रुपये पाडले; सुमारे नऊ लाख झाले, असे सांगतात. पुढच्या जानेवारीत पानिपत झाले. पानिपत शिकवताना आपला गळा दाटून येतो, आणि तो यावाच. पण छताची गोष्ट आपण वगळतो. नादिरशहाने नेले ती लूट आणि आपल्या माणसाने नेले ती अडचण, असे दोन काटे ठेवून चालत नाही. अडचण खरी होती, तीही सांगावी. छत गेले, तेही सांगावे. मुले दोन्ही पेलू शकतात. न पेलणारे आपणच असतो.

आणि याच महालात दुसरीही बाजू आहे. पानिपतानंतर दहा वर्षांत, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हाती घेतली आणि परागंदा शहाआलमला महादजी शिंद्यांनी गादीवर आणून बसवले. १७८८ मध्ये गुलाम कादिर या रोहिल्याने किल्ल्यात शिरून त्या म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला सोडवणारी फौजही महादजींचीच. आंधळ्या बादशहाचे राखणदार म्हणून मराठे इथे राहिले ते १८०३ पर्यंत. त्या सप्टेंबरात यमुनेपलीकडे पटपडगंजला जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. इंग्रजांनी दिल्ली घेतली ती प्रत्यक्षात मराठ्यांकडून, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीची असली तरी किल्ल्यात उभे राहून सांगण्याजोगी आहे.

पुढे १८५८ मध्ये बहादुरशहावर खटला चालला तो त्याच्याच दिवाण-ए-खासमध्ये. १८५७ नंतर इंग्रजांनी आतले बरेचसे महाल पाडून गोऱ्या पलटणींच्या बराकी बांधल्या. १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या शहानवाज, सहगल आणि धिल्लन या तिघा अधिकाऱ्यांवरचा खटलाही याच किल्ल्यात झाला, आणि सारा देश खवळून उठला. म्हणूनच स्वतंत्र भारताचा झेंडा इथे लागणे याला अर्थ होता. एक बारीक गोष्ट: पंडित नेहरूंनी लाल किल्ल्यावर पहिल्यांदा झेंडा फडकवला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी, १५ ला नव्हे. १५ ऑगस्टचा प्रघात पुढच्या वर्षीपासून पडला.

आता नवी दिल्ली. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात पाचव्या जॉर्ज बादशहाने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याचे जाहीर केले. ल्युटेन्स आणि बेकर या वास्तुकारांनी नकाशे केले, आणि १९३१ मध्ये शहराचे उद्घाटन झाले. राष्ट्रपतिभवन ३४० खोल्यांचे. ते ज्या टेकडीवर आहे तिचे नाव रायसीना. हे नाव कुठले? गावाचे! तिथे रायसीना होते, मालचा होते. शेते होती, विहिरी होत्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने त्या जमिनी घेतल्या आणि माणसे उठवली. जुन्या किल्ल्याच्या तटाच्या आत इंद्रपत नावाचे गाव नांदत होते, तेही उठले. धरणाखाली ज्यांची गावे गेली, रस्त्यात ज्यांची शेते गेली, अशा आपल्या श्रोत्यांना यातले दुःख वेगळे समजावून सांगायला नको. राष्ट्रपतिभवन पाहून अभिमान वाटावा, पण टेकडीचे नाव उच्चारताना ते एका गावाचे आहे हे विसरू नये.

तिथून सरळ रस्त्याने इंडिया गेट. बेचाळीस मीटर उंचीची ही कमान पहिल्या महायुद्धात आणि अफगाण सरहद्दीवर पडलेल्या हिंदी सेनेच्या सैनिकांसाठी १९३१ मध्ये खुली झाली. तिच्यावर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. मागच्या छत्रीखाली पाचव्या जॉर्जचा पुतळा होता. तो १९६८ मध्ये हलवला आणि २०२२ मध्ये तिथे नेताजींचा पुतळा बसला. शेजारी २०१९ पासून राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. १९७२ पासून कमानीखाली जळणारी अमर जवान ज्योत २०२२ मध्ये त्या स्मारकाच्या ज्योतीत मिळवली. स्वतंत्र भारतासाठी पडलेल्या जवानांची नावे तिथल्या भिंतींवर आहेत. आपल्या तालुक्यातल्या वीराचे नाव मुलांना शोधू द्या.

शेवटी गोल संसद भवन. १९२७ मध्ये ते सुरू झाले, बाहेरून १४४ खांब. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी १९२९ मध्ये बाँब टाकले ते याच इमारतीत. १९४६ ते १९४९ या काळात घटना समिती बसली ती इथल्या मध्यवर्ती सभागृहात, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २०२३ पासून संसद शेजारच्या नव्या इमारतीत भरते आणि या वास्तूला संविधान सदन म्हणतात. जमल्यास अलीपूर रोडवरही जाऊन यावे. बाबासाहेबांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी जिथे निधन झाले, तिथे आता त्यांचे स्मारक आहे.

मंडळी, परक्या राजाने आपला दरारा बसावा म्हणून बांधलेल्या घरात या देशाच्या लोकांनी आपला कायदा लिहिला. दगड तेच राहिले, धनी बदलला. म्हणून दिल्लीतल्या वास्तू आपल्या आहेत. बादशहाच्या म्हणून नव्हे, इंग्रजांच्या म्हणूनही नव्हे. त्यांच्यातले चांगले-वाईट सगळे आता आपल्या खात्यावर आहे.

आणि ज्यांना दिल्लीला जाणे जमणार नाही, त्यांनी हळहळू नये. गावची पडकी गढी, बारव, चावडी, देवळाच्या पायरीला लावलेला जुना कोरीव चिरा, यांनाही तेच प्रश्न विचारता येतात. हा दगड आधी कुठे होता? त्यापायी कोण उठला? पुढे काय झाले? गुरुजींनी एखाद्या शनिवारी वर्ग बाहेर काढावा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत हिंडावे.