थंड चहाचा दावा

रामनवमीपूर्वी आठ दिवस आमच्या देवळाच्या उत्सवसमितीची बैठक भरली होती. विषय नेहमीचेच : मंडप, कीर्तनकारबुवांचा मुक्काम, पालखीमागच्या गॅसबत्त्यांऐवजी आता लागणारे विजेचे दिवे आणि पानकासाठी किती गूळ आणावा. बैठक संपता संपता दोघा तरुण स्वयंसेवकांनी सूचना मांडली की, यंदा पानकाच्या जोडीला बर्फ घातलेला आंबटगोड चहा द्यावा, फळांचा रस घालून तो घरीच करता येतो. एका वृद्ध सभासदांनी तत्काळ हरकत घेतली. हा अमेरिकेतला प्रकार देवळाच्या आवारात कशाला, असा त्यांचा सवाल. त्यावर स्वयंसेवकाने ठासून उत्तर दिले की, थंड चहा 1904 साली हिंदुस्थानी चहाच्या प्रतिनिधीनेच अमेरिकेत शोधून काढला, सबब तो मूळचा आपलाच. समितीने दोन्ही बाजूंचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि प्रकरण आमच्याकडे सोपविले. गावात वकील म्हणून नाव असण्याचे जे थोडे तोटे आहेत, त्यांपैकी हा एक.

आम्ही प्रथम त्या 1904 च्या दाव्याचाच विचार केला. कथा अशी सांगतात : त्या वर्षी अमेरिकेतील सेंट लुइस येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. हिंदुस्थानी चहाचा प्रसार करण्यासाठी रिचर्ड ब्लेचिन्डेन नावाचे गृहस्थ तेथे मंडप मांडून बसले होते. उन्हाळा कडक, आणि वाफाळलेला चहा फुकट दिला तरी कोणी घेईना. तेव्हा त्यांनी बर्फात ठेवलेल्या नळ्यांतून चहा सोडून तो गार केला, गर्दी लोटली, आणि थंड चहाचा जन्म झाला. कथा मोठी गोड आहे. परंतु पुराव्याच्या कायद्यात गोड साक्षीला निराळे वजन नसते. ब्लेचिन्डेन हे खरे गृहस्थ होते, प्रदर्शन खरे होते, चहाचा मंडपही खरा होता. प्रश्न एवढाच की, त्यापूर्वी कोणी थंड चहा पीत होते की नाही.

येथे दस्तऐवज बोलतात, आणि ते सारेच्या सारे दाव्याच्या विरुद्ध जातात. 20 आणि 21 सप्टेंबर 1890 रोजी मिसूरी संस्थानातील नेव्हाडा या गावी, म्हणजे सेंट लुइस ज्या संस्थानात आहे त्याच संस्थानात, यादवी युद्धातील जुन्या सैनिकांचा मेळावा भरला. तेथील वर्तमानपत्राने स्वयंपाकघराचा जो हिशेब छापला, त्यात 2,220 गॅलन कॉफी आणि 880 गॅलन बर्फाचा चहा अशी नोंद आहे. आपल्या मापाने हा चहा सुमारे 3,300 लिटर भरतो. जी वस्तू 1890 मध्ये पिंपांनी खपत होती, ती 1904 मध्ये जन्मली असे कोणते न्यायालय मान्य करील? त्याही मागे जावे तर 1884 साली बोस्टनच्या मेरी लिंकन यांच्या पाकशास्त्राच्या पुस्तकात लिंबू घातलेला थंड चहा आहे. त्यापूर्वी 1879 साली छापलेल्या, मॅरियन कॅबेल टायरी यांनी संपादिलेल्या व्हर्जिनियाच्या गृहिणींच्या पाककृतिसंग्रहात त्याची संपूर्ण कृती आहे. आणि 1839 च्या केंटकीतील लेटिस ब्रायन यांच्या पुस्तकात चहा, साखर, साय आणि मद्य यांचे एक मिश्रण दिले असून ते गरम अथवा गार कसेही द्यावे असे म्हटले आहे. मद्य गळले आणि बर्फ वाढला की आजचा थंड चहा झाला. सारांश, ब्लेचिन्डेनसाहेबांचा शोधकपणाचा दावा फेटाळावा लागतो. प्रसाराचे श्रेय मात्र त्यांचे त्यांना द्यावे.

ते श्रेय लहान नाही, आणि त्याचा संबंध आपल्या देशाशी आहे. व्हर्जिनियाच्या त्या कृतीत हिरवा चहा सांगितला आहे, कारण त्या काळी अमेरिकन लोक मुख्यतः चीन-जपानचा चहा पीत. आसामच्या काळ्या चहाला ती बाजारपेठ मिळवायची होती. त्यासाठी मळेवाल्यांच्याच मागणीवरून 1903 साली निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसविणारा कायदा झाला, आणि त्याचे उत्पन्न प्रचारावर खर्च होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात चीन-जपानकडील पुरवठा तुटला तेव्हा काळ्या चहाने तेथील पेल्यातली उरलीसुरली जागाही घेतली. मजा अशी की, आपला चहा त्या लोकांनी गार करून घेतला, आणि त्यांचा बर्फ त्याच्या पुष्कळ आधी आपल्याकडे येऊन पोचला होता.

ही बर्फाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्याकडे थंडाव्याची हौस जुनीच. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त शोऱ्याने पाणी गार करण्याची रीत दिली असून, बादशहाचा मुक्काम लाहोरास हलल्यावर, म्हणजे 1586 पासून, डोंगरातून बर्फ येऊ लागल्याचीही नोंद आहे. पण ते सारे दरबारापुरते. शहरांतल्या श्रीमंतांना बर्फ मिळू लागला तो फ्रेडरिक ट्यूडर नामक बोस्टनच्या व्यापाऱ्यामुळे. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून चिरे कापावेत, लाकडाच्या भुशात बांधावेत आणि जहाजात भरून विषुववृत्त दोनदा ओलांडून विकावेत, असा हा व्यापार. 12 मे 1833 रोजी 'टस्कनी' जहाज 180 टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि सप्टेंबरात कलकत्त्यास लागले, तेव्हा त्यातला सुमारे 100 टन शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रासेतही हा माल उतरू लागला. मद्रासेत समुद्रकाठी त्यासाठी 1842 मध्ये बांधलेली वखार अजून उभी आहे. कृत्रिम बर्फाच्या कारखान्यांनी तो व्यापार बुडविल्यावर तिचे निवासस्थान झाले, आणि अमेरिकेहून परतलेले स्वामी विवेकानंद 1897 च्या फेब्रुवारीत तेथेच उतरले होते. अमेरिकेचा बर्फ जेथे साठत असे तेथे अमेरिका गाजवून आलेला संन्यासी राहिला, हा योगायोग आम्हांस फार आवडतो.

चहाचा आणि आपल्या किनाऱ्याचा एक जुना धागा पोर्तुगालमधून जातो. कोकणीतील 'चा' आणि पोर्तुगीजांचा 'शा' हे दोन्ही मूळ चिनी शब्दाचेच अवतार. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिने 1662 साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी विवाह केला. आंदणात मुंबई गेली, आणि राणीच्या आवडीमुळे इंग्रज दरबारात चहाची चाल पडली. लंडनमध्ये चहा त्याआधीच विकला जात होता हे खरे, परंतु थोरामोठ्यांच्या घरी त्याला प्रतिष्ठा मिळाली ती तिच्यामुळे. मुंबई दिली आणि चहा लावला, असा तो करार म्हणावयास हरकत नाही.

आता त्या वृद्ध सभासदांच्या मूळ हरकतीकडे वळू. आमच्या मते तिच्या मुळाशी अमेरिका नव्हती. चहाविषयीची एक जुनी धास्ती होती. तिची जन्मतिथीही 1890 च आहे. मिसूरीतले सैनिक थंड चहा पिऊन घरी गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर 1890 मध्ये, पुण्यात गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने काही प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावून तो परत केला. गोपाळरावांचा स्वभाव असा की त्यांनी ही गंमत पोटात ठेवली नाही. उपस्थितांची नावे 'पुणेवैभवा'त झळकली आणि ग्रामण्य पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी आयोग बसला, घरोघर श्राद्धपक्षाला ब्राह्मण मिळण्याची पंचाईत झाली. टिळकांनी धर्मशास्त्राचे आधार काढून आपली बाजू मांडली आणि काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतले, आणि ज्या सुधारकांना ते आपले वाटत होते त्यांचाच रोष ओढवून घेतला. उच्च न्यायालयाच्या पायरीवर उभा असलेला न्यायाधीश एका पेल्यासाठी दोन्ही पक्षांपुढे आरोपी झाला.

या प्रकरणाचे कागद वाचताना आम्हांस एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या खटल्यात चहा हा आरोपी नव्हताच. आक्षेप होता तो पाणी कोणाच्या हातचे याला, आणि चहाची पत्ती निषिद्ध आहे असा वचनाधार तेथे निर्णायक ठरला नाही. तरीसुद्धा बदनामी मात्र चहाची झाली. ज्या कारणासाठी माणसाने माणसाच्या हातचे पाणी नाकारले ते कारण आज आपल्या संविधानाने आणि आपल्या समजुतीनेही मोडीत काढले आहे. तेव्हा त्या कारणाची सावली पत्तीवर पडू देणे अन्यायाचे होय. असे आमचे मत आम्ही त्या सभासदांना सांगितले. ते काही वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्या आजोबांनी त्या साली पंक्ती मोडलेल्या पाहिल्या होत्या, वकीलसाहेब. भांडण चहाचे नव्हते हे त्यांनाही ठाऊक होते." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

राहता राहिला पानकाचा मुद्दा. सुश्रुतसंहितेत द्राक्षे, फालसा इत्यादी फळांच्या पानकांचे गुण सांगितले आहेत, म्हणजे फळाचा आंबटगोड रस पाण्यात घालून थंड पिणे ही काही परक्याची देणगी नव्हे. लिंबाचे नावसुद्धा आपले 'निंबू', फारसी-अरबीतले 'लिमून' आणि इंग्रजांचे 'लेमन' अशी भाऊबंदकी दाखविते. व्हर्जिनियाच्या त्या गृहिणीने लिंबू का पिळावे तेही लिहून ठेवले आहे : चहाचा तुरटपणा त्याने मोडतो. आपल्या आजीनेही हेच सांगितले असते, फक्त तिने लिंबाऐवजी सोलां घेतली असती.

आमच्या घरी हा प्रयोग झाला तो असा. दहाबारा सोलां वाटीभर कोमट पाण्यात तासभर भिजवून कुसकरली. ती मिठाची असतील तर आधी धुवावी लागतात, हे पहिल्या खेपेला आम्ही विसरलो आणि खारट चहा प्यालो. अर्धा लिटर पाणी उकळून खाली उतरविले आणि त्यात पानांचा काळा चहा तीन चमचे घालून चार मिनिटे झाकून ठेवला. भुकटी वापरू नये, ती कडवट होते. पत्ती पाण्यात उकळूही नये. दुधाच्या चहाची आपली सवय येथे घात करते. गाळून गरम असतानाच सहा चमचे साखर विरघळविली, कारण गार पाण्यात ती तळाशी बसते, आणि गारव्याने जिभेला गोडीही कमी लागते. गूळ आम्ही घालून पाहिला. त्याची चव चहावर कुरघोडी करते, त्याने पानकातच राहावे. चहा निवल्यावर कोकमाचे पाणी मिसळले आणि बर्फाने भरलेल्या पेल्यांत ओतले. रंग माणकासारखा येतो. घाईने गार केल्यास चहा गढूळ होतो, कारण त्यातील कॅफीन आणि कषाय द्रव्ये गारव्याने एकमेकांस धरून बसतात. थोडे उकळते पाणी घातले की पुन्हा निवळतो. चैत्रात कैरीचा उकडलेला गर घातला तरी चालतो, पण तेव्हा चहा थोडा कडक लागतो. हा चहा त्याच दिवशी संपवावा. उन्हात बरणी ठेवून पत्ती मुरविण्याची जी रीत काही जण सांगतात ती आम्ही वापरीत नाही. कोमट पाण्यात जंतू वाढतात.

समितीपुढे आम्ही असे मत दिले की, नैवेद्याचे पानक परंपरेने ठरलेले आहे, त्यात गूळ, सुंठ, वेलची, लिंबू एवढेच असावे आणि त्याच्या जागी दुसरे काही येऊ नये. मात्र दर्शन झाल्यावर बाहेरच्या पडवीत माणसांनी काय प्यावे याविषयी शास्त्र मौन पाळते. मत आम्ही तोंडी दिले, लेखी दिले नाही. नवमीच्या दुपारी जन्माचा पाळणा झाला, पानक वाटले गेले, आणि पडवीतल्या पिंपातला कोकमाचा चहा अर्ध्या तासात संपला. त्या वृद्ध सभासदांना स्वयंसेवकाने पेला नेऊन दिला तेव्हा त्यांनी विचारले, "ह्यात साखर कोणी विरघळविली रे? बरोबर पडली आहे." मुलाने आपल्या आईचे नाव सांगितले. त्यांनी पेला रिकामा करून खाली ठेवला आणि पालखीची वेळ झाली म्हणून ते उठले.