राष्ट्रगीताला उभी राहिलेली तीन मुलं

ऑगस्ट आला की आम्हा तालुक्याच्या बातमीदारांना हमखास एखादा व्हिडिओ येतो. 'झेंडावंदनाला या पोराचे ओठ हलत नाहीत बघा, बातमी लावा.' मी एकच विचारतो, पोरगं उभं होतं का? 'उभं होतं, पण गात नव्हतं.' मग बातमी होत नाही. का होत नाही, ते केरळातल्या एका जुन्या खटल्यात आहे. जरा लांबलंय, पण वाचा.

कोट्टायम जिल्ह्यातल्या किडंगूरच्या शाळेत तीन भावंडं शिकत होती. दहावी, नववी आणि पाचवीत. कुटुंब यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाचं. राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. देवाशिवाय कुणाचं स्तवन करायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. आधी त्यांच्या थोरल्या बहिणीही असंच करायच्या. कुणाचं काही अडलं नव्हतं.

जुलै १९८५ मध्ये एका आमदाराला हे खटकलं. विधानसभेत प्रश्न आला, चौकशी आयोग नेमला गेला. आयोगानं सांगितलं, मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी अपमान केलेला नाही. तरीही शिक्षणाधिकाऱ्यांच्या सूचनेवरून २६ जुलैला मुख्याध्यापिकेने तिघांनाही शाळेतून काढलं.

केरळ उच्च न्यायालय म्हणालं, राष्ट्रगीतात कुणाच्या धर्माला धक्का लागेल असा शब्दच नाही. अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या नावाने ते आज ओळखलं जातं. निकाल लागला ११ ऑगस्ट १९८६ ला, स्वातंत्र्यदिनाच्या चार दिवस आधी.

न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालात मांडलं ते थोडक्यात असं. श्रद्धा आपल्याला पटते का, हे कोर्टानं बघायचं नसतं. ती प्रामाणिक आहे का, एवढंच बघायचं. बोलण्याच्या हक्कात गप्प राहण्याचा हक्कही येतो. तो हक्क आवळायचा तर कायदा लागतो, खात्याचं परिपत्रक पुरत नाही. आणि राष्ट्रगीत गायलाच हवं, असा कायदा नव्हता. मुलं आदराने उभी होती, म्हणजे मान दिलेलाच होता. त्यांना परत शाळेत घ्या, असा आदेश झाला.

याचा अर्थ गोंधळ घालायला मोकळीक, असा नाही हं. राष्ट्रगीत मुद्दाम बंद पाडलं किंवा गाणाऱ्यांना अडथळा आणला, तर १९७१ च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गप्प उभं राहणं त्यात बसत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९४० मध्ये याच पंथाच्या मुलांना झेंड्याला सलामीची सक्ती योग्य ठरवली होती. तीनच वर्षांत, ऐन महायुद्धात, १४ जून १९४३ ला ती चूक सुधारली. आपल्या निकालात त्याचा दाखला आहे.

मी स्वतः राष्ट्रगीत खड्या आवाजात म्हणतो. पण या १५ ऑगस्टला असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका. दुसऱ्या दिवशी त्या लेकराला त्याच वर्गात जाऊन बसायचं असतं.