मुलांच्या स्वभावाची मोजपट्टी: या चाचण्या आल्या कुठून?

गेल्या काही वर्षांत तापाचं किंवा पोटदुखीचं औषध घ्यायला आलेले पालक हळूच आणखी एक कागद पुढे करतात. कधी तो शाळेने करून घेतलेल्या चाचणीचा रिपोर्ट असतो, कधी एखाद्या क्लासने दिलेला, तर कधी इंटरनेटवर भरलेल्या प्रश्नावलीचा निकाल असतो. मूल असतं आठ ते बारा वर्षांचं. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं : 'अंतर्मुख', 'नेतृत्वगुण कमी', 'भावनिकदृष्ट्या अस्थिर'. आणि पालकांचा प्रश्न असतो, "डॉक्टर, यावर काही औषध आहे का?"

अंतर्मुख असणं हा आजार नाही, त्यामुळे त्यावर औषधही नाही. पण एवढ्या उत्तराने पालकांचं समाधान होत नाही आणि ते स्वाभाविकही आहे. छापील कागदावर आकडे आणि आलेख असले की ते रक्ताच्या रिपोर्टसारखे वाटतात. म्हणून आज थोडा इतिहास पाहू. या चाचण्या कोणी, कोणासाठी आणि कशासाठी तयार केल्या हे कळलं, की त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

सुरुवात बुद्धीपासून

मुलांच्या मनाचं मोजमाप सुरू झालं ते पॅरिसमध्ये. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देता यावी, पण ती मुलं ओळखायची कशी, हा प्रश्न १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने नेमलेल्या आयोगासमोर होता. त्यातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या तीस प्रश्नांची चाचणी तयार केली. १९०८ च्या आवृत्तीत 'मानसिक वय' ही कल्पना आली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिचं सुधारित रूप काढलं आणि 'आयक्यू' हा शब्द घरोघरी पोचला.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि ती बदलत नाही, हे बिने यांना मान्य नव्हतं. त्यांची चाचणी मदत कोणाला हवी हे शोधण्यासाठी होती. मुलांवर कायमचा शिक्का मारणं हा तिचा हेतू नव्हता. शिक्के नंतरच्या लोकांनी मारले.

धारवाडचे डॉ. कामत

पॅरिसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मुलासाठी केलेले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे विचारता येतील का? हा प्रश्न ज्यांनी गांभीर्याने घेतला त्यांत डॉ. व्ही. व्ही. कामत यांचं नाव अग्रभागी आहे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे त्यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर बिने चाचणीचं रूपांतर तपासून पाहिलं. ते काम १९३४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं पुस्तक आलं. 'बिने-कामत' चाचणी आजही आपल्याकडच्या रुग्णालयांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते.

कामतांनी केलं ते नुसतं भाषांतर नव्हतं. शब्द बदलले की प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. मूळ चाचणीत जो प्रश्न सात वर्षांच्या मुलाला जमतो, तो आपल्याकडे सहाव्या किंवा आठव्या वर्षी जमू शकतो. म्हणून प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना विचारून, कोणत्या वयाची किती मुलं बरोबर उत्तर देतात हे पाहून त्याची जागा नव्याने ठरवावी लागते. यालाच 'प्रमाणीकरण' म्हणतात आणि त्यातून मिळतात ती 'मानकं'. हिमोग्लोबिनच्या रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते ना, तसंच हे. ती मर्यादा नसेल तर नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही, आणि ती दुसऱ्याच लोकांवरून काढलेली असेल तर आकडा दिशाभूल करतो.

स्वभाव मोजायला निघालेली माणसं

बुद्धीच्या प्रश्नाला बरोबर किंवा चूक असं उत्तर असतं. स्वभावाला ते नसतं. 'तुला एकट्याने खेळायला आवडतं का?' याचं बरोबर उत्तर कोणतं? त्यामुळे व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या वेगळ्या वाटांनी आल्या.

पहिली वाट प्रश्नावलीची. तिचा उगम युद्धात आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने मानसिक धक्का बसणारे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी 'हो-नाही' उत्तरांची यादी तयार केली. ती पूर्ण होईपर्यंत युद्ध संपलं. मग १९२० च्या दशकात एलन मॅथ्यूज यांनी तिच्यावरून शाळकरी मुलांसाठी प्रश्नावली बनवली. म्हणजे सैनिकांची कसोटी वर्गाच्या बाकावर आली. पुढे रेमंड कॅटेल आणि रदरफोर्ड पोर्टर यांची आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तीत स्वभावाचे चौदा पैलू मोजले जातात. तिची भारतीय रूपांतरंही झाली.

दुसरी वाट चित्रांची. स्विस डॉक्टर हेरमान रोर्शाख यांनी १९२१ मध्ये शाईच्या डागांची दहा कार्डं प्रसिद्ध केली. 'यात तुला काय दिसतं?' एवढाच प्रश्न. १९३५ मध्ये हार्वर्डच्या क्रिस्टियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी चित्र पाहून गोष्ट सांगायची पद्धत आणली. लहान मुलं माणसांपेक्षा प्राण्यांशी लवकर जवळीक साधतात, या विचाराने लिओपोल्ड आणि सोन्या बेलाक यांनी १९४९ मध्ये तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी प्राण्यांच्या दहा चित्रांची चाचणी आणली. त्यातल्या एका चित्रात टोपी घातलेली कांगारू आई आहे, पोटाच्या पिशवीत पिल्लू आहे आणि दुसरं पिल्लू सायकलवर आहे.

आता आपल्याकडच्या मुलाचा विचार करा. त्याने कांगारू पाहिलेला नसेल तर तो चित्राकडे पाहून गप्प बसेल. तो गप्प बसला ते मनात भीती आहे म्हणून, की प्राणी ओळखला नाही म्हणून? ही अडचण ओळखूनच उमा चौधरी यांनी या चित्रचाचण्यांची भारतीय रूपांतरं तयार केली. मुलाने काढलेल्या माणसाच्या चित्रावरून विकास पाहण्याची फ्लॉरेन्स गुडइनफ यांची १९२६ ची पद्धत बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी प्रमाणित केली.

मुंबई आणि नागपूर

१९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तीच आजची 'टिस'. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिथे मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. भारतातल्या अशा पहिल्या केंद्रांत त्याची गणना होते. बालमार्गदर्शन केंद्राची पद्धत अशी असते : डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता हे तिघं मिळून मुलाला समजून घेतात. चाचणी मानसशास्त्रज्ञ घेतो, पण घरी काय चाललंय आणि शाळेत काय घडतंय हे समाजकार्यकर्ता पाहतो. चाचणी हा अनेक पुराव्यांपैकी एक पुरावा असतो.

नागपुरात डॉ. ए. जे. मालिन यांनी दोन मोठी कामं केली. मुलांच्या वेश्लर बुद्धिमापन श्रेणीचं त्यांचं भारतीय रूप आज 'मिसिक' या नावाने ओळखलं जातं. दुसरं काम आपल्या विषयाच्या अधिक जवळचं. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये सामाजिक परिपक्वतेची श्रेणी तयार केली होती. स्वतः जेवतो का, एकटा शाळेत जातो का, पैशांचा व्यवहार करतो का, अशा रोजच्या गोष्टींवरून मूल किती स्वावलंबी आहे हे तीत पाहतात. माहिती मुख्यतः आईवडिलांकडून घेतात. मूळ श्रेणीत ११७ बाबी होत्या, मालिन यांच्या भारतीय आवृत्तीत ८९ आहेत. मूळ श्रेणीत बर्फावरून घसरणारी गाडी होती. ती इथे काय कामाची? भारतीय आवृत्तीत पतंग आला. हा बदल लहान दिसतो, पण इथे पतंग उडवणाऱ्या मुलाला 'बर्फगाडी येत नाही' म्हणून मागे ठरवणं किती अन्यायाचं झालं असतं!

आपल्याच जिल्ह्यातला धडा

या सगळ्या चाचण्या येत होत्या, त्याच काळात आपल्या आजच्या पालघर जिल्ह्यात मुलांना ओळखण्याचा आणखी एक प्रयोग चालू होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, टिकत नाहीत, असा अनुभव होता. 'या मुलांना शिकायची आवडच नाही' असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. या दोघींनी कारण शोधलं. लहान मुलं घरात धाकटी भावंडं सांभाळत होती, मोठी गुरं राखत होती. मग शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली.

कल्पना करा, त्याच मुलाला शहरी प्रश्नावली दिली असती तर? 'वर्गात हात वर करतोस का?', 'नवीन मित्रांच्या वाढदिवसाला जायला आवडतं का?' उत्तरं 'नाही' आली असती आणि रिपोर्टवर 'संकोची, महत्त्वाकांक्षा कमी' असं छापलं गेलं असतं. ज्या मुलावर दिवसभर गुरांची जबाबदारी आहे, त्याच्याबद्दल!

आज वसई-विरारमध्ये प्रश्न वेगळा दिसतो, पण मूळ तेच आहे. एकाच वर्गात घरी सामवेदी, वाडवळी, वारली, गुजराती, भोजपुरी बोलणारी मुलं बसतात. घरची भाषा एक, गल्लीतली हिंदी, शाळेतली इंग्रजी. अशा दहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी प्रश्नावली दिली, तर ती स्वभाव मोजते की इंग्रजी?

स्वभाव घडत असतो

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांना दिसलं, की काही मुलं जात्याच शांत, काही चटकन रुसणारी आणि काही नवीन गोष्टीला हळूहळू सरावणारी असतात. पण पुढे अडचणी येतात की नाही, हे फक्त स्वभावावर ठरत नव्हतं. मुलाचा स्वभाव आणि घराच्या अपेक्षा यांचं जुळतं की नाही, यावरही ते ठरत होतं. हळूहळू मिसळणाऱ्या मुलीला वेळ दिला तर ती मिसळते, ढकललं तर आणखी मागे सरते. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. सविता मल्होत्रा यांनी भारतीय मुलांसाठी स्वभावमापनाची श्रेणी तयार केली आहे.

याच कारणाने आम्ही डॉक्टर मंडळी अठरा वर्षांखालच्या मुलाला 'व्यक्तिमत्त्वविकार' हे निदान सहसा लावत नाही. दहाव्या वर्षीचा निकाल म्हणजे त्या दिवशी काढलेला फोटो आहे, जन्मपत्रिका नव्हे.

बोटांच्या ठशांचं काय?

जन्मपत्रिकेवरून आठवलं. हल्ली 'डीएमआयटी' नावाने बोटांचे ठसे घेऊन बुद्धी, स्वभाव आणि करिअर सांगणारे रिपोर्ट विकले जातात. ठशांच्या शास्त्राला हॅरोल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये 'डर्मेटोग्लिफिक्स' हे नाव दिलं. डाऊन सिंड्रोमसारख्या काही आजारांत तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसतात, हेही खरं. पण त्यावरून निरोगी मुलाचा स्वभाव किंवा करिअर सांगता येतं, याला शास्त्रीय आधार नाही. ठसे आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मभर तेच राहतात. स्वभाव मात्र घर, शाळा, मित्र आणि अनुभव यांनी घडत जातो. यावर पैसे घालवू नका.

मग पालकांनी काय करावं?

मूल खूप दिवस उदास, घाबरलेलं किंवा आक्रमक असेल, शाळेत जायला नकार देत असेल, अभ्यासात अचानक मागे पडलं असेल, तर आधी शारीरिक तपासणी करून घ्या. नजर, ऐकणं, झोप, हिमोग्लोबिन आणि गरज वाटल्यास थायरॉईड. क्षणभर हरवल्यासारखं बघणारं मूल 'स्वप्नाळू' नसून त्याला फिट्सचा सौम्य प्रकार असू शकतो. शाळेत कोणी त्रास देतंय का, हेही शांतपणे विचारा. अत्याचाराची शंका असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

त्यानंतर चाचणीची गरज वाटली, तर ती रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडूनच करून घ्या आणि हे चार प्रश्न न संकोचता विचारा :

१. ही चाचणी नेमकी कशासाठी करतोय? तिच्या निकालाने आपण काय वेगळं करणार आहोत?
२. ती माझ्या मुलाच्या वयासाठी आहे का, आणि त्याला नीट समजणाऱ्या भाषेत घेतली जाईल का?
३. तिची मानकं कोणत्या मुलांवरून काढली आहेत आणि किती जुनी आहेत?
४. निकाल काढताना आमच्याशी, शिक्षकांशी आणि मुलाशी बोलणार का, की फक्त गुण मोजणार?

चांगल्या तज्ज्ञाला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, तोही हेच प्रश्न स्वतःला विचारत असतो.

आणि एक विनंती. रिपोर्टमधला शब्द मुलासमोर पाहुण्यांना सांगू नका. 'हा ना, अंतर्मुख आहे' हे वाक्य मूल दहा वेळा ऐकतं आणि तसंच वागायला लागतं. चाचणीने जेवढं नुकसान होत नाही, तेवढं या एका वाक्याने होतं. मुलाचा स्वभाव कळायला हवा असेल तर रोज अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून त्याच्याशी खेळा, त्याचं ऐका. या चाचणीचं प्रमाणीकरण कोणी केलेलं नाही, पण तिचा तोटा झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.