लोणारचं प्रश्नचिन्ह

बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर उल्कापातानं झालं हे आपण शाळेतच पाठ करतो. पण हे उत्तर यायला किती वर्षं लागली? मला ते एका संदर्भसूचीत सापडलं.

शोधनिबंधांच्या नोंदी ठेवायला बिबटेक नावाची फाईल असते (१९८५ पासून). लेखक, शीर्षक, साल, बस्स! लोणारवरच्या अशा नोंदी मी 'बिबटेक-टू-एचटीएमएल' या प्रोग्रॅममधून काढून त्यांचं वेब पान केलं, आणि क्रम आडनावांऐवजी तारखेचा लावला.

आता पान वरून खाली वाचा. १८९६: गिल्बर्टना ज्वालामुखीच्या वाफेचा स्फोट वाटतो. १९६४: लाफाँड आणि डीट्झ यांचं शीर्षक, 'लोणार क्रेटर, इंडिया, अ मीटिओराइट क्रेटर?' शेवटी प्रश्नचिन्ह! १९७३: 'सायन्स'मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकारी, 'ॲन इम्पॅक्ट क्रेटर इन बसाल्ट'. प्रश्नचिन्ह गायब. कारण तोवर विवरात भोकं पाडून काढलेल्या दगडांत प्रचंड आघाताच्या खुणा मिळाल्या होत्या.

निबंधाच्या शेपटीला लावलेली यादी आपण वाचतच नाही राव. शाळेत पाठ केलेल्या उत्तरामागे लोकांनी किती वर्षं शंका घेतली, ते मात्र तिथेच लिहिलेलं असतं.