शासनाची वाणी आणि सीमेवरील श्रोता : मैंदर्गीच्या संदर्भात

सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात अक्कलकोट, दुधनी आणि मैंदर्गी अशा तीन नगरपरिषदा आहेत. त्यांपैकी मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेजवळचे गाव. घरात कन्नड व कचेरीत मराठी असा व्यवहार तेथील अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पडलेला आहे. शासनाची खाती समाजमाध्यमांवरून लोकांशी बोलू लागली, तेव्हा दोन प्रश्न उत्पन्न झाले : बोलणारा कोणाच्या अधिकाराने बोलतो, आणि लोकांनी त्याखाली लिहिलेले कोण वाचतो व कोण पुसतो. हे प्रश्न सर्वत्रच आहेत. परंतु मैंदर्गीसारख्या ठिकाणी त्यांना भाषेमुळे जी धार येते, ती पुण्यामुंबईत येत नाही.

पूर्वी हुकूम आणि अर्ज यांच्या वाटा भिन्न होत्या. दवंडी पिटणारा गावाच्या ओळखीचा असे. ऐकलेल्या गोष्टीविषयी शंका आली तर चावडीवर जाऊन विचारता येई. लेखी हुकमाला सही-शिक्का असे आणि राजपत्र शासकीय मुद्रणालयातून निघे. लोकांचे म्हणणे मात्र अर्जाच्या रूपाने कचेरीत जाई. तेथे आवक बारनिशीत त्याची नोंद होई व त्याला क्रमांक मिळे. अर्जाचा निकाल काहीही लागो, तो आल्याची खूण दप्तरात राही. समाजमाध्यमाने हुकूम व अर्ज एकाच फलकावर आणले, आणि त्याचबरोबर अर्ज दिसेनासा करण्याचे साधन खाते सांभाळणाऱ्याच्या बोटाशी आणून ठेवले. ही घटना तांत्रिक वाटते. वस्तुतः ती दप्तराच्या इतिहासातील घटना आहे.

पहिल्या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष लवकर गेले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने २०१२ साली शासकीय संस्थांसाठी समाजमाध्यमांच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याने आपली ओळख स्पष्ट द्यावी आणि अधिकार दिला असल्याखेरीज शासनाच्या वतीने उत्तर देऊ नये, हा त्यांचा गाभा होता. महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या. त्यांत वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवणे, शासकीय योजनांची प्रसिद्धी केवळ प्राधिकृत व्यक्तींनी करणे आणि बदली झाल्यावर कार्यालयीन खाते रीतसर हस्तांतरित करणे या गोष्टी आल्या. जुना अधिकारी दप्तराच्या किल्ल्या नव्याच्या हाती देई, त्याचाच हा नवा अवतार होय.

या नियमांची निकड अक्कलकोट तालुक्याने त्यापूर्वीच अनुभवली होती. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात संपूर्ण अक्कलकोट तालुका तत्कालीन म्हैसूर राज्यास द्यावा अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राने तो अहवाल स्वीकारला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर व अक्कलकोटचे कन्नडभाषक प्रदेश आपल्या राज्यात यावेत, अशी मागणी ट्विटरवरून केली. पंचावन्न वर्षांपूर्वी जी गोष्ट जाडजूड अहवालात होती, ती आता चार ओळींत घरोघरी पोहोचली. सीमावाद चिघळला, आणि १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत एकत्र आणले. बैठकीनंतर शहा यांनी सांगितले की, नेत्यांच्या नावांनी उघडलेल्या बनावट खात्यांवरील मजकुरानेही वाद वाढविला होता आणि त्याबद्दल गुन्हे नोंदविले जातील. शासनाचा आवाज खरा कोणता, हे ठरविण्यासाठी दोन राज्यांचे मुख्यमंत्री व केंद्रीय गृहमंत्री यांना एकत्र बसावे लागले. मैंदर्गीच्या वाचकाला तर चौकशीसाठी चावडीही उरली नव्हती.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, व त्याकडे दुर्लक्ष झाले आहे. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांविषयी जे निवेदन काढले, त्यात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करणे इष्ट मानले होते. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा झाली आणि २०२२ च्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणांनाही तिचे बंधन आले. तथापि अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या मराठी-उर्दू पाटीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने मराठीसोबत दुसरी भाषा लिहिण्यास या कायद्याची मनाई नाही, असा निर्णय दिला. पाटी ही शासनाची वाणी. शासकीय संदेशाखाली कन्नडमध्ये लिहिलेली तक्रार ही मात्र नागरिकाची वाणी आहे, आणि तिला अनुच्छेद ३५० चा आधार मिळावयास हवा, असे म्हणण्यास जागा आहे.

अडचण तिच्या वाचनाची आहे. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत ‘बा’ म्हणजे ‘ये’ आणि ‘बर्री’ म्हणजे ‘या’. आदराचा सारा भार त्या ‘री’वर असतो. ही बोली कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन लिपीत, आणि मध्येच मराठी शब्द येतात. अशा मजकुरातील विनंती कोणती व उद्धटपणा कोणता, हे केवळ मराठी जाणणाऱ्या कारकुनास कळणे कठीण. प्रमाण कन्नडवर बेतलेल्या यांत्रिक भाषांतरावरही येथे पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. जे समजत नाही ते आक्षेपार्ह समजून झाकून टाकणे हा मग सोपा मार्ग ठरतो. त्यात दुष्ट हेतू असण्याची गरज नाही. सीमेवरील कचेऱ्यांत कन्नड जाणणारा एखादा तरी कर्मचारी या कामावर हवा, आणि झाकलेल्या प्रत्येक मजकुराची तारीख, भाषा व कारण यांची बारनिशी ठेवली जावी. २०२५ च्या सूचनांचा सारा रोख कर्मचाऱ्याने काय लिहावे यावर आहे; नागरिकाने लिहिलेल्या मजकुराचे दप्तर हा त्यांचा विषय नव्हता.