चंदननगर नव्हे, गुपकार

कोलकात्यात फ्रेंच धाटणीची पांढरी मिश्र वाइन उघडली, की टेबलावरचा कुणीतरी चंदननगरचं नाव काढतोच. मला ते कूळ मान्य नाही. फ्रेंच तिथे सतराव्या शतकात आले आणि 1950 पर्यंत राहिले, हे खरं. पण त्यांची वाइन बोटीतून उतरायची. हुगळीकाठच्या दमट हवेत द्राक्षाचा मळा लावणार कोण? पिण्याची सवय निराळी आणि दोन द्राक्षांची जोडी जमवण्याची विद्या निराळी.

माझा धागा कोलकात्याच्या मैदानावर सापडतो. डिसेंबर 1883 ते मार्च 1884 तिथे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. भारतात केलेल्या वाइनही त्यात मांडल्या होत्या आणि त्या वाखाणल्या गेल्या. प्रदर्शनामागचा खटपट्या माणूस ज्यूल जूबेर. राहायला ऑस्ट्रेलियात, पण जन्म फ्रान्सच्या आंगुलेमचा, म्हणजे थेट कोन्याकच्या शेजारचा! हा निव्वळ योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही.

भारतीय वाइन म्हटल्यावर आपली मंडळी लगेच बारामती पुढे करतील. करोत. पांढऱ्या मिश्रणाचा माग मात्र काश्मीरला जातो. महाराजा रणबीरसिंहांनी बोर्दोहून वेली आणवल्या आणि दाल सरोवराकाठी गुपकारला वाइन होऊ लागली. तिचे दोन प्रकार, मेदोक आणि बार्साक. मेदोक लाल, बार्साक पांढरी. बोर्दोकडच्या बार्साकमध्ये द्राक्षांपैकी सेमियों अंगाला भरदारपणा देतो, सोव्हिन्यों ब्लां आंबटपणा देतो आणि म्युस्कादेल असलाच तर वासापुरता. वेली बोर्दोच्या आणि नाव बार्साकचं, तेव्हा गुपकारला सेमियों पोचला असणारच.

यावर जाणकार म्हणतील, बार्साक गोड असते, आजची मिश्र वाइन कोरडी. पण गोडी येते वेलीवरच बुरशीने सुकलेल्या द्राक्षांमुळे. शेजारच्या ग्राव्हमध्ये तीच द्राक्षं वेळेवर खुडून कोरडी वाइन करतात. जोडी तीच, खुडणी वेगळी.

पुढे फिलॉक्सेरा किडीने काश्मीरच्या वेली खाल्ल्या आणि तो वंश खुंटला. मग विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय वाइनचा नवा डाव मांडला नारायणगाव आणि नाशिकने.

आज अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीची 'एम/एस' ही पांढरी वाइन शार्डोने आणि सोव्हिन्यों ब्लां यांची आहे. नावातला एम म्हणजे इटलीचे वाइनकार पिएरो मासी, एस म्हणजे स्टीव्हन स्परियर. हे स्परियर इंग्रज होते, पण त्यांचं वाइनचं दुकान होतं पॅरिसमध्ये; 1976 च्या गाजलेल्या पॅरिस चाचणीचे कर्ते तेच. बोर्दोवाले अशी जोडी लावत नाहीत. ती रीत लुआर खोऱ्यातल्या शेव्हर्नीची. म्हणजे इटालियन हात, इंग्रज जीभ, सोलापूर जिल्ह्यातला मळा आणि जोडी फ्रेंच. यात चंदननगर कुठे बसतं?

कोलकात्यात अशी बाटली मिळाली तर भेटकी माशाच्या पातुरीबरोबर थंडगार घ्या. मोहरी जरा बेताने घालायला सांगा.