बिनपाण्याची हजामत

धानाची चुरणी झाली, खळ्यावर रास पडली की म्हाली, म्हणजे न्हावी, टोपली घेऊन यायचा आणि वर्षभराच्या दाढ्यांचा हिशेब एका दिवसात मिटायचा. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी हा सगळा जुन्या चांदा जिल्ह्यातला (आजचे चंद्रपूर-गडचिरोली), मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा, धानाचा पट्टा. हातात रोख पैसा कमी, त्यामुळे मजुरी धान्यातच. दाढीगणिक पैसे मिळत नसल्याने दाढ्या वाढवण्यात म्हाल्याचा फायदा नव्हता, आणि रोवणीच्या दिवसांत शेतकऱ्याला तरी सवड कुठे होती? आठवड्याने, पंधरवड्याने एकदा वस्तरा गळ्यावरून फिरायचा. बलुत्याच्या पद्धतीत दोष पुष्कळ होते, जातीने नेमून दिलेलं काम हा तर मुळातलाच. पण गळ्याच्या कातडीला तिने विसावा दिला, हे कबूल करावं लागतं.

बलुतेदारीचं चित्र मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर उभं राहतं ते बहुधा त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’मधून (१९१५). ते देशावरच्या गावांचं. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात, मालगुजारांच्या अमलाखाली. त्या प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड १९१६ साली आले. त्यांत न्हाव्यावरच्या प्रकरणाच्या मथळ्यातच नाई, म्हाली, हज्जाम, मंगला अशी नावांची रांग आहे. चांद्याचा म्हाली सिरोंच्याला पोचेपर्यंत तेलुगू मंगली होतो, तो असा. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया आदिवासींच्या गावांत मात्र बलुत्याची घडीच नव्हती. तिकडे हा धंदा दिसायचा तो आठवडी बाजारात, झाडाखाली मांडलेल्या आरशासमोर.

म्हाल्याच्या धोकटीत वस्तरे, कातर, नराणी, चिमटा, धारेचा दगड, चामड्याचा पट्टा आणि पाण्याची वाटी. साबण असला तर असला. खरं काम पाण्याचं. उकिडवं बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात आरसा द्यायचा आणि ओल्या बोटांनी दाढी चोळत राहायची. गावातल्या बातम्यांची देवाणघेवाण याच वेळात व्हायची, त्यामुळे चोळणं आपोआप लांबायचं. कोरडा केस राठ असतो. दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की तो फुगतो, मऊ पडतो आणि कमी जोरात कापला जातो. मग वस्तरा पट्ट्यावर, नाहीतर सरळ तळहातावर दोन-चारदा परजायचा, डाव्या अंगठ्याने कातडी जरा सारखी करायची, पातं तिरपं टेकवायचं आणि निघालेले केस डाव्या मनगटाला पुसत खाली यायचं. घाई करणाऱ्याची ‘बिनपाण्याने’ झालेली हजामत मराठीत म्हणीसारखी रुजली आहे, ती काही हौसेने नव्हे.

गळाच का सोलवटतो, गाल का नाही? गालावरचे केस साधारण एका दिशेने, खाली वाढतात. जबड्याखाली ही शिस्त मोडते. कंठमण्याच्या वर खाली जाणारे, त्याच्या खाली वर येणारे, बाजूला आडवे, कुठे भोवरा. शिवाय केस कातडीला चिकटून निजलेले, आणि कातडी पातळ व सैल. वस्तरा एकाच दिशेने ओढला तरी कुठे ना कुठे तो केसांच्या उलट जातोच. वरून चांद्याचा उन्हाळा. पारा ४५-४६ अंशांच्या पुढे गेला की घामाचं मीठ त्या सोलवटलेल्या जागेवर बसतं आणि सदऱ्याची कॉलर दिवसभर तिथेच घासत राहते.

पंचांगही या बाबतीत गळ्याच्या बाजूने होतं. अमुक वारी दाढी नाही, एकादशी-अमावस्येला नाही, सुतकात नाही, आणि श्रावण पाळणाऱ्याला महिनाभर नाही. नेम धर्माचा, पण दमट पावसाळ्यात वस्तरा महिनाभर दूर राहिल्याचा लाभ कातडीला व्हायचा.

जुन्या पद्धतीचं कौतुक मात्र इथेच थांबवलेलं बरं. एकच वस्तरा सगळ्या गावाला, एकच वाटी, एकच फडकं. केसांच्या मुळांत पू धरणारे जंतू आणि गजकर्णाची बुरशी, दोन्ही एका हनुवटीवरून दुसरीवर जायची. इंग्रजीत या दुखण्याला न्हाव्याचंच नाव पडलं, ‘बार्बर्स इच’. दोष उकळत्या पाण्याच्या अभावाचा, नाव धंद्याचं.

१९०३ साली जिलेटच्या कंपनीने बदलत्या पात्यांचा रेझर विकायला काढला. वर्षभरात खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना लाखोंनी रेझर वाटले आणि रोज दाढी करणं ही साऱ्या जगाची सवय होऊ लागली. चांदा जिल्ह्यात रोजचं घोटलेलं तोंड आणलं ते नोकरीने. १८७१ साली वरोऱ्याची कोळसा खाण सुरू झाली, पुढे बल्लारपूरच्या खाणी, रेल्वे, जंगल खातं, पोलीस. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या आणखी वाढल्या. गणवेशाला दाढीचे खुंट चालत नाहीत. मग घरच्या आरशासमोर, आंघोळीआधी, कोरड्या गालावर फेस फासून दोन मिनिटांत उरकायचं. सलूनमध्ये पैसे मोजणाऱ्याला ‘गुळगुळीत’ हवं, म्हणून पहिल्या हातानंतर दुसरा, उलटा हात.

खरी गडबड या उलट्या हाताची. कातडी ताणून उलटं कापलं की केस पृष्ठभागाच्या खाली तुटतो. कातडी सैल सोडली की ते टोकदार टोक आत दबतं, आणि केस वाकडा असेल तर वाढता वाढता बाजूची कातडी टोचून आत शिरतो. शरीर त्याला काटा समजून लढतं आणि फोड उठतो. स्ट्रॉस आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९५६ साली या विकाराची तपशिलात मांडणी केली. उपाय साधाच आहे. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने पातं फिरवायचं, दाब द्यायचा नाही, कातडी फार ताणायची नाही, त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जायचं नाही, आणि फोड आले असतील तर काही आठवडे दाढी वाढू द्यायची. शेवटची अट नोकरदाराला परवडत नाही, श्रावण पाळणाऱ्या शेतकऱ्याला सहज परवडायची.

याच धानाच्या पट्ट्यातल्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या, नटाला तर ती अट मुळीच परवडत नाही. देसाईगंज-वडसा हे या रंगभूमीचं ठाणं. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटांबरोबर (बैलांच्या शर्यती) नाटकांचा हंगाम सुरू होतो, प्रयोग रात्रभर चालतो आणि दुसऱ्या रात्री दुसरं गाव. दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, बायकांच्या भूमिका पुरुषच करत. ताज्या दाढीवर रंगाचा लेप, नाहीतर डिंकाने चिकटवलेली खोटी दाढी, आणि पहाटे ती ओरबाडून काढणं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या पाच हजारांवर प्रयोगांची आणि आठशे भूमिकांची चर्चा झाली. इतके रंग चढवले-उतरवलेल्या कातडीचा हिशेब कुणी मांडत नाही.

जळजळ शमवायला सलूनमध्ये पहिला मान तुरटीचा. ॲल्युमिनियम आणि पोटॅशियमचं हे क्षारमिश्रण कातडी आकसवतं, बारीक रक्त थांबवतं. पण एकच खडा सगळ्यांच्या गालांवर फिरला तर वस्तऱ्याची जुनीच कथा पुन्हा सुरू. त्यापाठोपाठ १९१९चा अफगाण स्नो, १९२९चं बोरोलीन, आणि स्पिरिटाचं आफ्टरशेव्ह, ज्याच्या चटक्यालाच लोक औषध समजतात. सोललेल्या कातडीला थंड पाण्याची घडी आणि बिनवासाचं साधं मलम जास्त मानवतं. अलीकडचं संकट म्हणजे औषधाच्या दुकानातून न विचारता आणलेलं स्टेरॉइडचं मलम. लाली एका रात्रीत जाते, आतलं गजकर्ण मात्र पसरतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरी ती मिळायची थांबलेली नाहीत.

वस्तऱ्याचा शेवट केला एचआयव्हीच्या धास्तीने. भारतात पहिली लागण १९८६ साली सापडली, आणि पुढच्या काळात ‘नवी ब्लेड लावा’ हे गिऱ्हाईकच सांगू लागलं. ब्लेड मधोमध मोडून अर्धी दांडीत बसवायची, काम झालं की फेकायची, ही रीत तालुक्याच्या सलूनपासून बाजारातल्या खुर्चीपर्यंत पोचली. एप्रिल २०२२मध्ये प्राणहिता नदीच्या पुष्कर पर्वात सिरोंच्याच्या घाटांवर यात्रेकरूंची रीघ लागली होती. अशा पुष्करांत मुंडन करून घेणारे पुष्कळ असतात. गर्दीतली हीच वेळ ब्लेडकडे डोळे लावून बसण्याची.

करोनाच्या टाळेबंदीनंतर २८ जून २०२० पासून महाराष्ट्रात सलून उघडली तेव्हा केस कापायला परवानगी होती, दाढीला नव्हती. बंदी उठली तोवर तरुणांनी दाढ्या राखलेल्या होत्या, आणि आता खुर्चीत बसून ते ‘सेट’ करून मागतात. ट्रिमर केस थोडा बाहेर राखूनच कापतो, त्यामुळे गाल सुटला. दाढीची रेघ मात्र अजून अर्ध्या ब्लेडनेच आखली जाते, ती कंठमण्याच्या वर, नेमकी केसांच्या भोवऱ्यात, आणि रेघ ठसठशीत दिसावी म्हणून तिच्याखाली पुन्हा उलटा हात मारला जातो.